लेगो मॉक : सुट्या विटांचा खर्च कसा आवरावा

लेगोच्या विटांपासून, कंपनीच्या तयार संचाबाहेर जाऊन, स्वतःच्या आराखड्याप्रमाणे उभारलेल्या प्रतिकृतीला छंदिष्टांच्या बोलीत ‘मॉक’ म्हणतात. आगगाडीचे इंजिन असो, जुना वाडा असो की काल्पनिक अवकाशयान, त्यासाठी लागणाऱ्या विटा सुट्या जमवाव्या लागतात. दुकानातल्या संचाची किंमत खोक्यावर छापलेली असते. मॉकची किंमत कुठेच छापलेली नसते. सारख्याच आकाराच्या आणि जवळपास तितक्याच विटांच्या दोन मॉकपैकी एकीचा खर्च दुसरीच्या दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. हा फरक घासाघीस करून मिटत नाही, कारण त्याचा मोठा भाग खरेदीच्या आधी, आराखडा आखतानाच ठरून गेलेला असतो.

लेगोची सुरुवात डेन्मार्कमधील बिलुंड या गावी १९३२ मध्ये ओले कर्क क्रिस्टियानसेन यांच्या सुतारकामाच्या कारखान्यात झाली. वर स्टड म्हणजे गोल उंचवटे आणि पोटात नळ्या असलेल्या विटेच्या पेटंटचा अर्ज २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल झाला, आणि विटेची मापे तेव्हापासून बदललेली नाहीत. दोन स्टडच्या मध्यांमधील अंतर ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६ मिलिमीटर आणि प्लेट नावाच्या चपट्या तुकड्याची उंची ३.२ मिलिमीटर. म्हणजे तीन प्लेट एकावर एक ठेवल्या की एका विटेची उंची भरते. १९६३ पासून विटा एबीएस या टणक प्लास्टिकच्या बनू लागल्या. मापे स्थिर आणि प्लास्टिक टिकाऊ, म्हणून चाळीस वर्षांपूर्वीची वीट आजच्या विटेला घट्ट बसते. जुन्या विटांचा बाजार जगभर टिकून आहे तो यामुळेच.

सुट्या विटेची किंमत कशावर ठरते हे आधी नीट समजून घ्यावे लागते. प्लास्टिकचे वजन तिथे गौण असते. कंपनी विटा बनवते त्या मुख्यतः संचांसाठी. एखादा आकार एखाद्या रंगात किती संचांत आला, प्रत्येक संचात किती नग होते आणि ते संच बाजारात किती वर्षे राहिले, यावर त्या तुकड्याची उपलब्धता ठरते. काळी, पांढरी किंवा लाल २×४, म्हणजे दोन बाय चार स्टडची, वीट शेकडो संचांत येते, म्हणून ती स्वस्त. तोच आकार दुर्मीळ रंगात एखाद-दुसऱ्या संचातच आला असेल तर त्याची किंमत कितीतरी पट चढते.

याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘सँड ग्रीन’ हा मळकट हिरवा रंग. २००० साली निघालेल्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या ३४५० क्रमांकाच्या संचात या रंगाच्या विटा भरपूर होत्या. पुढे २००८ मध्ये ‘ग्रीन ग्रोसर’ या १०१८५ क्रमांकाच्या संचातली किराणा दुकानाची इमारत याच रंगात आली. तो संच बंद झाल्यावर अनेकांनी तो सुट्या विटांतून जमवायला घेतला आणि या रंगातल्या लांब विटा, विशेषतः १×८, फार महाग झाल्या. जाणकारांनी त्यावर दोन मार्ग काढले. एक, लांब विटेऐवजी त्याच रंगातल्या १×२, १×४ अशा आखूड विटा सांधे चुकवून वापरणे. दुसरा, रंगच बदलून तीच इमारत भरपूर मिळणाऱ्या रंगात उभारणे. दुसरा मार्ग अनेकदा पहिल्याहून देखणा ठरला, हे मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे. सामान्य रंगांत लांब वीट जास्त किफायतशीर असते. दुर्मीळ रंगात हा हिशेब उलटतो.

आकार आणि रंग मिळून जो एक प्रकार होतो त्याला खरेदीच्या याद्यांत ‘लॉट’ म्हणतात. २×४ विटेच्या साच्याचा क्रमांक ३००१. जुन्या पद्धतीत त्यापुढे रंगाचा क्रमांक जोडत: पांढरी ३००१०१, लाल ३००१२१, काळी ३००१२६. नंतरच्या तुकड्यांना स्वतंत्र, लांब क्रमांक मिळू लागले. रंगांची नावेही सगळीकडे सारखी नाहीत. कंपनी ज्याला ‘मीडियम स्टोन ग्रे’ म्हणते त्याला ब्रिकलिंक हा सुट्या विटांचा बाजार ‘लाइट ब्लुइश ग्रे’ म्हणतो. साध्या ‘लाइट ग्रे’ नावाचा रंग मात्र वेगळा आहे. ती २००४ च्या सुमारास बदललेली जुनी, किंचित पिवळसर राखाडी छटा. दोन्ही राखाडी एका भिंतीत आल्या की ठिगळ लावल्यासारखे दिसते आणि मग पुन्हा ऑर्डर, पुन्हा टपालखर्च. म्हणून यादीतला प्रत्येक रंग आणि क्रमांक खरेदीपूर्वी ताडून पाहणे हीसुद्धा बचतच आहे.

आता आराखड्याकडे वळू. सगळ्यात मोठी बचत इथेच होते. ब्रिकलिंकचे ‘स्टुडिओ’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर संगणकावर मॉडेल जुळवू देते, लागणाऱ्या तुकड्यांची यादी काढते आणि एखादा आकार निवडलेल्या रंगात निघालेलाच नसेल तर तसे दाखवते. पडद्यावरची वीट बदलायला काही खर्च नसतो. नवखे लोक बहुधा मॉडेल पडद्यावर पुरे झाले की थेट यादी घेऊन बाजारात जातात. अनुभवी लोक त्यानंतर आराखड्यावरून आणखी एक-दोन हात फिरवतात, ते फक्त खर्चासाठी.

पहिला हात आतल्या, न दिसणाऱ्या भागावर. १६×१६ स्टडचा आणि १० विटा उंचीचा ठोकळा भरीव बांधला तर २×४ च्या ३२० विटा लागतात. भिंत दोन स्टड जाडीची ठेवून आत पोकळी सोडली तर प्रत्येक थराला १४, म्हणजे एकूण १४० विटा पुरतात. मोठा ठोकळा असेल तर अधूनमधून आडव्या तुळया टाकाव्या लागतात, वर झाकणही घालावे लागते; ते धरूनही निम्म्याच्या आसपास विटा वाचतात. जे दिसणारच नाही त्याला रंगाचे बंधनही नको. कंपनीच्या संचांतही आतल्या भागात लाल, निळ्या, पिवळ्या विटा सर्रास आढळतात. जुळवणाऱ्याला जागा चटकन कळावी हा तिथे एक हेतू असतो. मॉक करणाऱ्याला त्याचा आणखी एक फायदा होतो. यादीत अशा तुकड्यांसमोर ‘कोणताही रंग’ असे नोंदवले की त्या दुकानात त्या दिवशी जो रंग स्वस्त असेल तो घेता येतो, किंवा घरातल्या डब्यातले तुकडे कामी येतात.

दुसरा हात प्लेटवर. तीन प्लेटची उंची एका विटेइतकी, पण तीन प्लेटना मिळून पैसे बहुधा एका विटेहून जास्त पडतात. बारीक उतार किंवा पट्टा दाखवायचा नसेल तिथे प्लेटच्या थप्प्या काढून विटा घालाव्यात. १×१ चे तुकडेही असेच. ४८×४८ स्टडच्या चित्रफलकाला १×१ चे २,३०४ तुकडे लागतात. शेजारशेजारचे एकरंगी तुकडे १×२, १×४ मध्ये एकत्र केले की संख्या झपाट्याने खाली येते. मात्र १×१ च्या गोल टाइलमुळे, म्हणजे स्टड नसलेल्या गुळगुळीत तुकड्यांमुळे, चित्राला जो दाणेदार पोत येतो तो यात जातो, आणि काही चित्रांचे सगळे सौंदर्य त्या पोतातच असते. तिथे ही काटकसर करू नये.

तिसरा हात लॉटच्या संख्येवर. यावर फार कमी लोक लक्ष देतात. छताच्या उतारासाठी बारा प्रकारचे तिरके तुकडे वापरले असतील तर त्यांतले पाच कमी करून उरलेल्या सातांत काम भागते का, हे तपासावे. २×३ प्लेट फक्त दोनदा आली असेल तर तिच्या जागी २×२ आणि १×२ बसते का ते पाहावे. विटांची एकूण संख्या थोडी वाढली तरी चालते. प्रकार कमी झाले की सगळी यादी कमी दुकानांत भागते, आणि त्याचे महत्त्व पुढच्या हिशेबात दिसेल. यादी किमतीच्या उतरत्या क्रमाने लावली की पहिल्या दहा-पंधरा लॉटमध्येच खर्चाचा मोठा वाटा आढळतो. बदलायचे ते तिथे. उरलेल्या शेकडो स्वस्त तुकड्यांवर डोके शिणवण्यात अर्थ नाही.

यादी पक्की झाल्यावर आधी घरात काय आहे ते पाहावे. रिब्रिकेबल या संकेतस्थळावर आपल्याकडच्या संचांचे क्रमांक भरले की त्यांतले तुकडे आपोआप नोंदले जातात आणि निवडलेल्या मॉकसाठी त्यांतले किती पुरतील हे कळते. तिथे ‘पर्यायी बांधणी’ हा मॉकचा एक वेगळाच वर्ग आहे. कंपनीच्या एकाच संचातले तुकडे वापरून केलेली संपूर्ण वेगळी प्रतिकृती, बाहेरचा एकही तुकडा नाही. मर्यादा इतकी कडक असूनही यांतले काही आराखडे थक्क करणारे आहेत, आणि मर्यादित पैशांत या छंदात उतरणाऱ्यासाठी याहून चांगली सुरुवात नाही. काही आराखड्यांची जोडणी-पुस्तिका विनामूल्य असते, काहींना रचनाकार शुल्क लावतो. विटांच्या खर्चापुढे ते शुल्क किरकोळ असते आणि त्यामागे रचनाकाराचे कित्येक तासांचे काम असते. ते चुकवणे ही बचत नव्हे.

कधी कधी विटा सुट्या घेण्यापेक्षा सवलतीत मिळणारा अख्खा संच फोडणे स्वस्त पडते. त्यासाठी संचातल्या सगळ्या तुकड्यांची सुटी किंमत आणि संचाची किंमत यांची तुलना करतात. ब्रिकलिंकवर मागच्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचे किमान, सरासरी आणि कमाल भाव दिसतात, त्यामुळे हा अंदाज हवेतला राहत नाही. चित्रपटांवर आधारलेल्या संचांत बराचसा भाव मिनिफिगर म्हणजे छोट्या माणसांच्या बाहुल्यांना असतो. इमारत बांधणाऱ्याला त्या नको असतात. त्या विकल्या की उरलेल्या विटा फार कमी किमतीत पदरात पडतात. खोक्यावरच्या तुकड्यांच्या संख्येला भागून ‘दर तुकड्याला इतके’ असा हिशेब मात्र फसवा असतो, कारण त्यात १×१ ची टिकली आणि १६×१६ ची प्लेट सारख्याच मोजल्या जातात.

सुट्या विटांचा सर्वांत मोठा बाजार म्हणजे ब्रिकलिंक. डॅन येझेक या तरुणाने तो २००० साली सुरू केला. २०१० मध्ये त्याचे निधन झाले, आणि २०१९ च्या अखेरीस लेगो कंपनीने हा बाजार विकत घेतला. ब्रिक आउल हा दुसरा असाच बाजार. दोन्हीकडे जगभरचे छोटे-मोठे विक्रेते असतात, आणि इच्छित यादी चढवली की कोणत्या दुकानांच्या जोडीतून ती पुरी होईल हे यंत्रणाच सुचवते.

इथे सर्वाधिक पैसे वाया जातात ते टपालखर्चात. समजा, १६० लॉटची यादी आहे. प्रत्येक लॉट जिथे सर्वांत स्वस्त तिथून घेतला तर १४ दुकाने होतात. विटांचे ८४ डॉलर आणि प्रत्येकी ६ डॉलरप्रमाणे टपालाचे ८४, एकूण १६८. तीच यादी चार मोठ्या दुकानांतून घेतली तर विटांचे १०२ डॉलर पडतात, पण प्रत्येकी ८ डॉलर धरूनही टपालाचे ३२ होतात, एकूण १३४. म्हणजे महाग विटा घेऊन ३४ डॉलर वाचले. शिवाय अनेक दुकाने किमान खरेदीची रक्कम ठरवतात, काही दर लॉटच्या सरासरी रकमेची अट घालतात, काही हाताळणीचे शुल्क लावतात. म्हणून आधी यादीतला सर्वांत दुर्मीळ तुकडा कोणाकडे आहे ते शोधावे आणि त्याच दुकानातून जमेल तेवढे बाकीचे घ्यावे. शेवटी अडून राहिलेले दोन-चार तुकडे वेगळे मागवण्यापेक्षा आराखडाच बदलणे जवळजवळ नेहमी शहाणपणाचे असते. ते जमत नसेल तर पुढच्या मॉकच्या यादीबरोबर मागवावेत.

लेगो कंपनीही ‘पिक अ ब्रिक’ या नावाने सुट्या विटा थेट विकते. सध्या उत्पादनात असलेले तुकडे, विशेषतः ज्यांचा रंग नुकताच संचांत आला आहे असे, तिथे बाजारापेक्षा स्वस्त असू शकतात. बंद झालेले तुकडे मिळत नाहीत. म्हणून यादी दोन्हींकडे विभागतात: चालू तुकडे कंपनीकडून, बाकीचे ब्रिकलिंकवरून. कंपनीच्या अनेक दुकानांत भिंतीवर विटांचे कप्पे असतात आणि पेला भरून विटा एका ठरावीक किमतीत मिळतात. तिथे किंमत आकारमानाची असते, नगांची नाही. त्यामुळे विटा एकमेकींत जोडून त्यांचे खांब उभे भरावेत, फटींत १×१ चे तुकडे ओतावेत आणि झाकणाच्या पोकळीतही भरावेत. अर्थात भिंतीवर जे आहे ते हवे असेल तरच याचा उपयोग. पेला स्वस्त भरला म्हणून नको असलेल्या विटा घरी आणल्या की तो खर्चच ठरतो.

वापरलेल्या विटा किलोवर विकल्या जातात. २×४ विटेचे वजन सुमारे २.३ ग्रॅम, म्हणजे किलोत अशा ४३० च्या आसपास विटा. मिश्र ढिगात हे प्रमाण आतल्या तुकड्यांवर अवलंबून असते. ढीग घेताना फोटोत चाके, मोठे पाये आणि दुसऱ्या कंपन्यांचे तुकडे किती आहेत ते पाहावे. अस्सल विटेच्या स्टडवर कंपनीचे नाव कोरलेले असते. पांढऱ्या, निळ्या आणि राखाडी विटा उन्हाने पिवळसर पडतात. तांबूस तपकिरी आणि गडद लाल रंगांतल्या काही वर्षांच्या उत्पादनातले तुकडे ठिसूळ निघाले आहेत. क्लिप असलेले छोटे तुकडे तर जोडतानाच मोडतात. अशा रंगांत नवे घेणेच परवडते. धुताना पाणी ४० अंश सेल्सियसपेक्षा गरम नसावे, नाहीतर विटा वाकड्या होतात आणि त्यांची पकड जाते. वर्गवारी करताना रंगानुसार नव्हे, आकारानुसार कप्पे करावेत. एकाच आकाराच्या ढिगातून हवा तो रंग क्षणात दिसतो. एकाच रंगाच्या ढिगातून छोटा आकार शोधताना डोळे थकतात. नीट वर्गवारी नसली की घरात असलेलीच वीट पुन्हा विकत घेतली जाते.

किंमत कशाने पडते, याचाही विचार करावा. ताजमहालाचा १०१८९ हा संच २००८ मध्ये निघाला आणि बंद झाल्यावर दुय्यम बाजारात अतिशय महाग झाला. २०१७ मध्ये कंपनीने तो १०२५६ या क्रमांकाने पुन्हा आणला. त्याच वर्षी ‘मिलेनियम फाल्कन’ हे यान ७,५४१ तुकड्यांच्या नव्या रूपात आले. त्याचा २००७ चा संच अनेक जण मोठ्या चिकाटीने सुट्या विटांतून जमवत होते. नवा संच आला की जुन्याची मागणी ओसरते आणि त्यातले दुर्मीळ तुकडेही पुन्हा बाजारात येतात. एखाद्या तुकड्याचा भाव अवाच्या सवा असेल आणि घाई नसेल, तर सहा महिने थांबणे हा उत्तम उपाय.

भारतातून विटा मागवणाऱ्याला यात सीमाशुल्काची भर पडते. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. इथल्या दुकानांत संच महाग मिळण्याचे ते एक मोठे कारण. वैयक्तिक वापरासाठी टपालाने किंवा कुरिअरने येणाऱ्या पार्सलचा दर वेगळा असतो आणि तो बदलत राहतो, त्यामुळे मागवण्याआधी त्या वेळचा दर पाहणे आवश्यक आहे. शुल्काची आकारणी मालाच्या किमतीत वाहतूकखर्च मिळवून होते. म्हणजे टपालखर्च एकदा द्यावा लागतो आणि त्यावर शुल्कही भरावे लागते. पुण्या-मुंबईतल्या छंदिष्टांनी याद्या एकत्र करून एकच मोठी ऑर्डर देणे, किंवा अमेरिका-युरोपातल्या नातेवाइकांच्या पत्त्यावर देशांतर्गत टपालाने विटा मागवून त्यांच्या सामानातून आणणे, हे म्हणून इथे विशेष उपयोगी पडते. दुसऱ्या मार्गात प्रवासी सामानाचे नियम अर्थातच लागू असतात.

राहिला प्रश्न दुसऱ्या कंपन्यांच्या जुळणाऱ्या विटांचा. विटेच्या मूळ पेटंटची मुदत केव्हाच संपली. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये विटेच्या उपयुक्त आकारावर ट्रेडमार्कची कायमची मक्तेदारी देण्यास नकार दिला. म्हणून जुळणाऱ्या विटा बनवणे आणि घेणे यात गैर काही नाही. कंपनीच्या संचांची हुबेहूब नक्कल विकणे ही मात्र वेगळी गोष्ट. चीनमधील लेपिन या नकली संचांच्या उद्योगावर २०१९ मध्ये पोलिसांनी छापा घातला आणि पुढच्या वर्षी मुख्य आरोपीला ६ वर्षांची कैद झाली. चीनच्याच गोब्रिक्ससारख्या उत्पादकांच्या विटांची पकड आता पुष्कळ चांगली आहे आणि लेगोने कधी न काढलेले रंग-आकारही त्यांच्याकडे मिळतात. मोठ्या मॉकच्या आतल्या सांगाड्यासाठी त्या वापरल्या तर खर्च बराच उतरतो. बाहेरच्या भिंतीत दोन उत्पादकांच्या विटा मिसळणे टाळावे, कारण नावाने एकच असलेला रंग उजेडात शेजारी ठेवला की वेगळा दिसतो. दातेरी चाके, बिजागऱ्या आणि ‘टेक्निक’ या यांत्रिक तुकड्यांच्या प्रकारातले जास्त भार पेलणारे सांधे यांसाठी अस्सल तुकडेच घ्यावेत. विटेची पकड साच्याच्या, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही सूक्ष्म अशा अचूकतेवर टिकलेली असते. हलणाऱ्या जागी तिच्यात थोडी ढिलाई असली तरी जोडणी निखळते. आणि नव्या उत्पादकाच्या विटा शेकड्यांनी घेण्याआधी थोडे नमुने मागवून, लेगोच्या विटेवर बसवून आणि काढून, त्या किती घट्ट बसतात आणि रंग कितपत जुळतो हे तपासावे.